मेल प्रोग्राममध्ये इनकमिंग आणि आउटगोइंग सर्व्हर कसे भरावेत

ब्राउझर उघडून जीमेल वाचणाऱ्याला सर्व्हरचे नाव कधी माहीत करून घ्यावे लागत नाही. थंडरबर्ड, आउटलुक किंवा ॲपल मेल यांसारख्या प्रोग्राममध्ये खाते जोडायला बसले की मात्र सर्व्हरचा पत्ता, पोर्ट (सर्व्हरच्या कोणत्या दारातून जोडणी करायची तो क्रमांक), सुरक्षा, पडताळणी आणि युजरनेम अशा चौकटी समोर येतात, आणि त्याही दोनदा: एकदा येणाऱ्या मेलसाठी आणि एकदा जाणाऱ्या मेलसाठी. नवख्या माणसाचा गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो. मेल आणणे आणि मेल पाठवणे ही दोन वेगळी कामे आहेत, ती वेगळ्या सर्व्हरांकडून वेगळ्या नियमांनी होतात, आणि एक नीट चालते म्हणून दुसरे चालेलच असे नाही. हे मनात पक्के असेल तर पुढची जुळवणी सोपी जाते आणि बिघाड झाल्यास तो कोणत्या बाजूला आहे तेही लवकर कळते.

उदाहरणासाठी एका गृहनिर्माण संस्थेचे खाते घेऊ. संस्थेने स्वतःचे डोमेन घेतलेले आहे, मेलबॉक्स होस्टिंग कंपनीच्या, म्हणजे भाड्याने सर्व्हर पुरवणाऱ्या कंपनीच्या, यंत्रावर आहे, आणि एकच मेलबॉक्स सचिव, खजिनदार व कार्यालयातील व्यवस्थापक असे तिघे पाहतात. डोमेनचे नाव एक्झाम्पल डॉट कॉम धरू, कारण ते नाव उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहे. प्रोग्राम म्हणून थंडरबर्ड घेतला आहे. तो मोफत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतो, आणि त्यात प्रत्येक सेटिंग उघडपणे दिसते. आवृत्तीनुसार बटणांच्या जागा थोड्याफार बदलतात, चौकटींचा अर्थ बदलत नाही.

आधी एक सूचना. या लेखात सर्व्हरचे पत्ते उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्ष चौकटीत ते इंग्रजी लहान अक्षरांत, ‘डॉट’च्या जागी टिंब देऊन आणि मध्ये कुठेही मोकळी जागा न सोडता भरावेत. पोर्टचे आकडेही इंग्रजी अंकांतच टाकावेत. मराठी कीबोर्ड चालू ठेवून पासवर्ड भरला जाणे हा प्रकार आपल्याकडे वरचेवर घडतो, आणि पासवर्ड ठिपक्यांच्या आड दडलेला असल्याने तो लक्षातही येत नाही.

हाताशी काय असावे

होस्टिंग कंपनीच्या कंट्रोल पॅनेलमध्ये प्रत्येक मेल खात्याच्या पुढे मेल प्रोग्रामसाठीची माहिती दिलेली असते. ती नसेल तर कंपनीच्या मदत विभागाला विचारून घ्यावी. आपल्याला इनकमिंग सर्व्हरचा पत्ता, आउटगोइंग सर्व्हरचा पत्ता, दोन्हींचे पोर्ट, प्रत्येक पोर्टवरील सुरक्षेचा प्रकार, आणि युजरनेम म्हणून पूर्ण मेल पत्ता द्यायचा की फक्त ॲटच्या चिन्हाआधीचा भाग, एवढे कळायला हवे. होस्टिंगवरील खात्यांना बहुधा पूर्ण पत्ताच लागतो.

मेलबॉक्सचा पासवर्ड आणि होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलचा पासवर्ड हे दोन निरनिराळे असतात. मेल प्रोग्रामला पहिला द्यायचा. तो चालतो की नाही हे आधी ब्राउझरमधून वेबमेलवर लॉग इन करून पाहावे. वेबमेल उघडले तर पासवर्ड बरोबर आहे हे निश्चित होते, आणि पुढे काही अडले तर शंकेची एक जागा कमी होते.

आयमॅप की पॉप

मेल आणण्याच्या दोन पद्धती आहेत. पॉप ही पद्धत सर्व्हरवरील मेल उतरवून आपल्या संगणकावर ठेवते. आयमॅप पद्धतीत मेल सर्व्हरवरच राहतात आणि प्रोग्राम त्यांचे चालू चित्र दाखवतो. सचिवांनी घरून एखादा मेल वाचला की कार्यालयातील संगणकावरही तो वाचलेला दिसतो. तिघे जण एकच मेलबॉक्स पाहणार असतील, किंवा एकच माणूस फोन आणि संगणक दोन्ही वापरणार असेल, तर आयमॅपच घ्यावे. आजच्या घडीला नवीन खात्यासाठी पॉप निवडण्याचे सबळ कारण क्वचितच असते, असे माझे मत आहे.

तरीही कोणाला पॉप हवे असेल, तर सर्व्हर सेटिंग्जमधील ‘मेल सर्व्हरवर राहू द्या’ या पर्यायावर खूण आहे का ते पाहावे, आणि त्याच्याखाली दिवसांची मर्यादा घातलेली आहे का तेही पाहावे. तिथे १४ दिवसांची खूण असेल तर १४ दिवसांनी मेल सर्व्हरवरून निघून जातो. मग खजिनदारांना मागच्या महिन्यातील देखभाल खर्चाची बिले फोनवर सापडत नाहीत आणि होस्टिंग कंपनीकडे विनाकारण तक्रार जाते. ती बिले व्यवस्थापकांच्या संगणकात सुखरूप पडलेली असतात.

आयमॅपचाही एक धोका आहे. तिथे एकाने मेल पुसला की तो सगळ्यांसाठी पुसला जातो, म्हणून आयमॅपला साठवणुकीची दुसरी प्रत मानू नये. लेखापरीक्षणाला लागणारे मेल वर्षाअखेर थंडरबर्डच्या ‘लोकल फोल्डर्स’मध्ये कॉपी करून ठेवावेत. मेलबॉक्सला होस्टिंग योजनेनुसार जागेची मर्यादा असते, तीही यामुळे सांभाळली जाते. मात्र सर्व्हरवरील मूळ मेल पुसण्यापूर्वी कॉपी केलेले मेल उघडतात का, अटॅचमेंट त्यांत आहेत का, हे तपासावे.

इनकमिंग सर्व्हर

थंडरबर्डच्या मेनूतून नवीन मेल खाते जोडण्याचा पर्याय निवडला की नाव, मेल पत्ता आणि पासवर्ड विचारला जातो. नाव म्हणजे समोरच्याच्या इनबॉक्समध्ये दिसणारे नाव; तिथे संस्थेचे पूर्ण नाव लिहावे, आणि ते देवनागरीत लिहिले तरी चालते. पुढे गेल्यावर प्रोग्राम सेटिंग्ज आपोआप शोधू लागतो. डोमेनवर ही माहिती ठेवलेली असेल तर तिथून, नाहीतर मोझिला या थंडरबर्डमागच्या संस्थेच्या यादीतून, आणि तिथेही नसेल तर नेहमीच्या नावांचा अंदाज घेऊन तो चौकटी भरतो. मोठ्या सेवांच्या बाबतीत हा शोध बरोबर निघतो. छोट्या होस्टिंगच्या बाबतीत त्यावर विसंबू नये. सेटिंग्ज स्वतः भरण्याचा पर्याय निवडून कंपनीकडून मिळालेल्या माहितीशी एकेक चौकट ताडून पाहावी.

हाताने भरायचे पान उघडल्यावर काही आवृत्त्यांत सर्व्हरच्या चौकटीत नुसते डोमेनचे नाव आणि त्याच्याआधी एक टिंब असे आधीच भरलेले दिसते. ते टिंब तसेच ठेवून पुढे जाऊ नये. तिथे पूर्ण पत्ता हवा, उदाहरणार्थ मेल डॉट एक्झाम्पल डॉट कॉम. युजरनेमच्या चौकटीत काही वेळा नुसता ‘सचिव’ एवढाच भाग आलेला असतो, तिथेही पूर्ण मेल पत्ता लिहावा. प्रोटोकॉल आयमॅप, पोर्ट ९९३, कनेक्शन सुरक्षा एसएसएल/टीएलएस आणि पडताळणी ‘नॉर्मल पासवर्ड’ ही होस्टिंगवरील खात्याची नेहमीची जुळणी आहे. ‘नॉर्मल पासवर्ड’ हे शब्द वाचून दचकण्याचे कारण नाही, कारण संपूर्ण जोडणीच टीएलएसने कूटबद्ध झालेली असल्याने पासवर्ड वाटेत उघडा पडत नाही. पॉप घेतले असेल तर पोर्ट ९९५ येतो.

१४३ आणि ११० हे अनुक्रमे आयमॅपचे आणि पॉपचे जुने पोर्ट आहेत. त्यांवर जोडणी साध्या स्वरूपात सुरू होते आणि स्टार्टटीएलएस ही आज्ञा देऊन नंतर कूटबद्ध केली जाते. कंपनीने ९९३ किंवा ९९५ दिलेला असताना हे पोर्ट वापरू नयेत. सुरक्षेच्या चौकटीत ‘काहीही नाही’ हा पर्याय तर कोणत्याही परिस्थितीत ठेवू नये. हॉटेलातील किंवा रेल्वे स्थानकावरील वायफायवर अशा जोडणीतील पासवर्ड तिसऱ्याच्या हाती लागणे कठीण नसते.

पहिल्यांदा जोडताना सुरक्षा प्रमाणपत्राविषयी (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या दाखल्याविषयी) इशारा देणारी खिडकी उघडली, तर अपवाद मान्य करण्याचे बटण दाबण्याची घाई करू नये. शेअर्ड होस्टिंगमध्ये, म्हणजे एकाच यंत्रावर अनेकांची डोमेन असतात तिथे, या इशाऱ्याचे कारण बहुधा साधे असते: आपण सर्व्हरचे नाव आपल्या डोमेनवरून दिलेले असते आणि प्रमाणपत्र मात्र होस्टिंग कंपनीच्या यंत्राच्या नावाने काढलेले असते. कंपनीला प्रमाणपत्रावरील नाव विचारावे आणि सर्व्हरच्या चौकटीत तेच भरावे, म्हणजे इशारा थांबतो. अपवाद मान्य करून टाकण्याची सवय लागली, तर खरोखर कोणी मध्ये शिरून जोडणी अडवली असतानाही आपण तेच बटण दाबू.

आउटगोइंग सर्व्हर

जाणाऱ्या मेलचे काम एसएमटीपी (मेल पाठवण्याची ठरलेली पद्धत) करते. १९८२ साली संगणकशास्त्रज्ञ जॉन पोस्टेल यांनी त्याचे नियम लिहिले तेव्हा पाठवणाऱ्याला पासवर्ड विचारण्याची सोयच त्यात नव्हती. कोणत्याही यंत्राने दुसऱ्या यंत्राला मेल द्यावा आणि त्याने तो पुढे पोहोचवावा अशी रीत होती. पुढे स्पॅम पाठवणाऱ्यांनी या मोकळेपणाचा भरपूर फायदा घेतला. १९९८ साली मेल प्रोग्रामकडून मेल स्वीकारण्यासाठी ५८७ हा वेगळा पोर्ट ठरवण्यात आला आणि १९९९ साली पासवर्डने पडताळणी करण्याची पद्धत आली. येणाऱ्या मेलसाठी पासवर्ड दिलेला असतानाही जाणाऱ्या मेलसाठी तो पुन्हा मागितला जातो, तो या इतिहासामुळे. पोर्ट २५ आता सर्व्हरांनी एकमेकांशी बोलण्यापुरता उरला आहे आणि अनेक इंटरनेट कंपन्या घरगुती जोडणीवर तो बंदच ठेवतात. जुन्या एखाद्या मार्गदर्शिकेत २५ दिलेला असेल तर तो भरू नये.

उरतात ४६५ आणि ५८७. त्यांत घोटाळा होतो तो जोडीचा. ४६५ बरोबर एसएसएल/टीएलएस, आणि ५८७ बरोबर स्टार्टटीएलएस. पहिल्यात जोडणी सुरुवातीपासूनच कूटबद्ध असते, दुसऱ्यात ती आधी साधी सुरू होऊन मग कूटबद्ध होते. जोडी उलटी लावली तर जोडणी होत नाही; अनेकदा एक बाजू दुसऱ्याच्या बोलण्याची वाट पाहत बसते, ‘पाठवत आहे’ ही पट्टी बराच वेळ फिरत राहते आणि शेवटी वेळ संपल्याचा संदेश येतो. कंपनी दोन्ही पोर्ट देत असेल तर ४६५ घ्यावा. सुरुवातीपासून कूटबद्ध असलेल्या जोडणीला प्राधान्य द्यावे अशी शिफारस इंटरनेटच्या मानकांमध्ये २०१८ पासून आहे.

आउटगोइंगच्या युजरनेमची चौकट रिकामी ठेवू नये आणि पडताळणीच्या चौकटीत ‘पडताळणी नाही’ हा पर्याय राहू देऊ नये. पत्ता आणि पासवर्ड सहसा इनकमिंगचेच असतात. सगळे भरून झाल्यावर पुन्हा तपासण्याचे बटण दाबावे, प्रोग्रामने दोन्ही सर्व्हर सापडल्याचे सांगितले की मगच खाते पूर्ण करावे. सर्व्हर सापडला याचा अर्थ मेल गेला असा मात्र नाही. तो प्रत्यक्ष पाठवूनच पाहावा लागतो.

थंडरबर्डमध्ये आउटगोइंग सर्व्हरांची यादी खात्यांपासून वेगळी, खाते सेटिंग्जच्या डाव्या रकान्यात तळाशी असते. प्रत्येक खात्याच्या पहिल्या पानावर त्या यादीतील कोणता सर्व्हर वापरायचा ते ठरवलेले असते. सचिवांनी त्याच संगणकावर आपले वैयक्तिक जीमेलही जोडले असेल, तर संस्थेच्या खात्यापुढे संस्थेचाच सर्व्हर निवडलेला आहे का हे तिथे जाऊन पाहावे. नाहीतर संस्थेचा मेल जीमेलच्या सर्व्हरमार्फत निघतो, आणि त्यावरील पाठवणाऱ्याचा पत्ता बदलून जातो. दुसऱ्या एखाद्या सेवेचा सर्व्हर निवडला गेला तर तो हा पत्ता आपला नाही म्हणून मेल नाकारतो, किंवा मेल जातो पण सभासदांच्या स्पॅममध्ये पडतो. आपल्या डोमेनच्या वतीने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात हे डोमेनच्या एसपीएफ नोंदीत लिहिलेले असते आणि घेणारा सर्व्हर ती नोंद तपासतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी याबाबतचे नियम कडक केले आहेत.

जीमेल, आउटलुक आणि याहू

या तिन्ही सेवांचे पत्ते थंडरबर्डला ठाऊक असतात, तरी ताडून पाहण्यासाठी ते माहीत असावेत. जीमेलचा इनकमिंग सर्व्हर आयमॅप डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ९९३. आउटगोइंग एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ४६५ किंवा ५८७. याहूचे आयमॅप डॉट मेल डॉट याहू डॉट कॉम आणि एसएमटीपी डॉट मेल डॉट याहू डॉट कॉम, पोर्ट तेच. आउटलुक डॉट कॉमच्या खात्यासाठी इनकमिंगला आउटलुक डॉट ऑफिस३६५ डॉट कॉम हा पत्ता व ९९३ पोर्ट; आउटगोइंगच्या पत्त्यात एसएमटीपी, मग जोडरेघ, मग मेल डॉट आउटलुक डॉट कॉम असे लिहायचे, पोर्ट ५८७ आणि स्टार्टटीएलएस.

पासवर्डच्या बाबतीत मात्र ही खाती होस्टिंगच्या खात्यांपेक्षा निराळी आहेत. वैयक्तिक जीमेल खात्याचा नेहमीचा पासवर्ड मेल प्रोग्राममध्ये टाकण्याची सोय गुगलने मे २०२२ अखेर बंद केली, आणि मायक्रोसॉफ्टने आउटलुक डॉट कॉमसाठी सप्टेंबर २०२४ मध्ये. म्हणून पडताळणीच्या चौकटीत ‘ओऑथ२’ निवडावे. असे केल्यावर थंडरबर्ड एक लहान खिडकी उघडतो, तिच्यात गुगलचे नेहमीचे लॉग इन पान येते, परवानगी दिली की काम झाले. पासवर्ड थंडरबर्डपाशी राहत नाही. ओऑथ२ न येणारा जुना प्रोग्राम किंवा कार्यालयातील मेलवर स्कॅन पाठवणारे झेरॉक्स यंत्र असेल, तर गुगल खात्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड तयार करता येतो. गुगल तो चार-चार अक्षरांच्या गटांत दाखवते, भरताना मधल्या मोकळ्या जागा गाळाव्यात.

जीमेलची भाषा मराठी ठेवणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट. पाठवलेले मेल, मसुदे, कचरापेटी या जीमेलच्या फोल्डरांची नावे आयमॅपमधूनही निवडलेल्या भाषेतच येतात. थंडरबर्डसारखा प्रोग्राम नावावर न जाता फोल्डरचा प्रकार सर्व्हरलाच विचारतो, त्यामुळे त्याची अडचण होत नाही. काही जुने प्रोग्राम मात्र इंग्रजी नाव सापडले नाही म्हणून स्वतःचा वेगळा ‘सेंट’ फोल्डर तयार करतात, आणि मग पाठवलेला मेल गेला कुठे म्हणून शोधाशोध सुरू होते. खाते सेटिंग्जमध्ये प्रती आणि फोल्डर यांचे पान असते, तिथे योग्य फोल्डर एकदा दाखवून दिला की पुरे.

काही अडले तर

पहिला चाचणी मेल स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्यावर पाठवावा आणि तिथून उत्तर द्यावे. तो जीमेलवर पाठवला असेल तर तिथल्या मेनूतून मूळ मेल दाखवण्याचा पर्याय उघडून एसपीएफ आणि डीकेआयएम (मेलवरील डोमेनची डिजिटल सही) यांच्यापुढे ‘पास’ लिहिले आहे का ते पाहावे. नसेल तर ते काम मेल प्रोग्राममध्ये होणारे नाही. डोमेनच्या नोंदी होस्टिंग कंपनीकडून दुरुस्त करून घ्याव्या लागतात.

मेल येतात पण जात नाहीत, अशी तक्रार असेल तर इनकमिंगच्या सेटिंग्जना हातही लावू नये. चूक कळवणाऱ्या संदेशातील तीन अंकी आकडा वाचावा, तो पुष्कळ सांगून जातो. ५३५ म्हणजे युजरनेम किंवा पासवर्ड सर्व्हरला मान्य नाही. ५५० या आकड्यापुढे ‘रिले’ हा शब्द असेल तर आपली ओळख न पटवता मेल बाहेर पाठवण्याचा प्रयत्न झालेला आहे, म्हणजे पडताळणीची चौकट पाहायला हवी. त्याच आकड्यापुढे पत्ता अस्तित्वात नसल्याचे लिहिले असेल तर समोरच्याचा पत्ताच चुकला आहे. ५५२ बहुधा आकाराचा प्रश्न दाखवतो. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे, आणि अटॅचमेंट मेलमध्ये घालताना तिचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो, त्यामुळे २० एमबीच्या लेखापरीक्षण अहवालाचेही अडू शकते. आकडा न येता नुसतेच वेळ संपल्याचे आले, तर पोर्ट आणि सुरक्षेची जोडी, मग अँटिव्हायरसमधील मेल तपासणी, मग कार्यालयाची फायरवॉल अशा क्रमाने जावे. फोनच्या हॉटस्पॉटवरून तोच मेल पाठवून पाहिला की दोष नेटवर्कमध्ये आहे का ते लगेच कळते.

सर्वसाधारण सभेची सूचना दीडशे सभासदांना पाठवायची असेल तर पत्ते बीसीसीमध्ये (एकाचा पत्ता दुसऱ्याला न दाखवणाऱ्या चौकटीत) घालावेत आणि होस्टिंगची तासाला किती मेल पाठवता येतात ही मर्यादा आधी विचारून घ्यावी. जीमेलच्या वैयक्तिक खात्याची मर्यादा दिवसाला ५०० आहे. मर्यादा ओलांडली की जाणारे मेल थांबतात, येणारे येतच राहतात, आणि सेटिंग्ज बिघडल्याचा भास होतो. अशा वेळी काहीही न बदलता थांबावे.

संस्थेची समिती बदलली आणि मेलबॉक्सचा पासवर्ड बदलला, की नव्या पासवर्डची नोंद दोन्ही ठिकाणी व्हावी लागते, कारण थंडरबर्ड इनकमिंगचा आणि आउटगोइंगचा पासवर्ड वेगवेगळा जपून ठेवतो. सेटिंग्जमधील गोपनीयता आणि सुरक्षा या पानावर जतन केलेल्या पासवर्डांची यादी मिळते. तिच्यात संस्थेच्या सर्व्हरच्या दोन ओळी दिसतील, एक आयमॅपने सुरू होणारी आणि एक एसएमटीपीने. दोन्ही पुसून टाकाव्यात, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडावा, आणि विचारला जाईल तेव्हा नवा पासवर्ड भरावा. आउटगोइंगचा पासवर्ड पहिला मेल पाठवेपर्यंत विचारला जात नाही, म्हणून त्याच बैठकीत एक मेल पाठवून घ्यावा.